एनर्जी ड्रिंकचा भारतीय बाजार कसा अभ्यासावा

एनर्जी ड्रिंकचा खप वाढत असल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. मात्र दोन अहवालांतील टक्केवारी एकमेकांशी क्वचितच जुळते. वाणिज्य शाखेचा प्रकल्प लिहिणारा विद्यार्थी, तालुक्याच्या गावी एजन्सी घेऊ पाहणारा व्यापारी आणि शीतपेयांच्या कंपनीचा शेअर घ्यावा की नाही याचा विचार करणारा गुंतवणूकदार, या तिघांनाही त्यामुळे नेमके काय खरे मानावे हे ठरवता येत नाही. पुढे सांगितलेली पद्धत या तिघांच्याही उपयोगाची आहे. तिच्यामागचे माझे मत आधीच मांडतो: भारतातील या पेयाची अलीकडची वाढ प्रामुख्याने किमतीने आणि वितरणाने घडवलेली आहे, आणि चव, जाहिरात किंवा तरुणांची बदललेली जीवनशैली ही कारणे त्यानंतर येतात. म्हणून अभ्यासाची सुरुवात बाटलीपासून करावी, ग्राहकाच्या मानसिकतेपासून नव्हे.

आधी हद्द आखून घ्यावी

बाजार किती मोठा आहे हे विचारण्यापूर्वी त्यात कोणकोणती पेये धरली आहेत ते तपासावे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, नियमांनुसार कॅफिनेटेड बेव्हरेज या वर्गातील पेयात दर लिटरला किमान १४५ आणि कमाल ३०० मिलिग्रॅम कॅफिन असावे लागते. २५० मिलिलिटरच्या बाटलीचा हिशेब केला तर ही मर्यादा साधारण ३६ ते ७५ मिलिग्रॅम येते. अशा बाटलीवर कॅफिनचा इशारा छापणे बंधनकारक असून लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता आणि कॅफिनचा त्रास होणाऱ्या व्यक्तींनी हे पेय घेऊ नये, तसेच दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिऊ नये, असेही लिहावे लागते. हा मजकूर आणि कॅफिनचा आकडा ज्या बाटलीवर आहे ती आपल्या अभ्यासात घ्यावी आणि बाकीच्या बाजूला ठेवाव्यात.

हा निकष वरवर किचकट वाटला तरी त्याने बराच गोंधळ टळतो. ग्लुकोजची पावडर, खेळाडूंसाठीची क्षारयुक्त पेये, माल्टची दुधात घालायची पावडर आणि ओआरएस ही सगळी मंडळी सामान्य बोलण्यात ‘एनर्जी’च्या नावाखाली येतात, आणि काही अहवालांतही ती एकत्र मोजली जातात. एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआयने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना दूध, धान्य किंवा माल्ट यांवर आधारित पेये हेल्थ ड्रिंक अथवा एनर्जी ड्रिंक या सदरात दाखवू नयेत असे कळवले. त्यामुळे ऑनलाइन विक्रीची त्याआधीची आणि त्यानंतरची आकडेवारी शेजारी ठेवून वाढ किंवा घट काढली, तर ती केवळ वर्गवारी बदलल्यामुळे दिसत असण्याची शक्यता असते. थम्स अप चार्ज्डसारख्या, कोला आणि एनर्जी ड्रिंक यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या पेयांबाबत निर्णय जाहिरातीवरून घेऊ नये. बाटलीवरील कॅफिनचा आकडा आणि वर्गाचे नाव पाहून घ्यावा, आणि तो निर्णय अहवालात स्पष्ट लिहावा.

किमतीची शिडी

रेड बुल भारतात २००३ साली आले. बरीच वर्षे हा बाजार म्हणजे मोठ्या शहरांतील पब, जिम, विमानतळ आणि वातानुकूलित दुकाने एवढाच होता, कारण छोट्या कॅनची किंमत शीतपेयाच्या बाटलीच्या कितीतरी पट होती. ही किंमत खाली आणण्याचा प्रयत्न २०११ च्या सुमारास हेक्टर बेव्हरेजेस या भारतीय कंपनीने केला. पुढे पेपर बोट या नावाने ओळखल्या गेलेल्या याच कंपनीने झिंगा हे पेय कॅनऐवजी पाऊचमध्ये आणि २० रुपयांच्या आसपासच्या किमतीत विकून पाहिले. त्यानंतर २०१५ मध्ये एफएसएसएआयने कॅफिन आणि जिनसेंग या औषधी मुळीच्या मिश्रणावर आक्षेप घेत झिंगा, क्लाउड ९ आणि मॉन्स्टर या पेयांची मंजुरी मागे घेतली. या घटनाक्रमाकडे नव्या अभ्यासकाचे दुर्लक्ष होते. वास्तविक त्यातून दोन गोष्टी कळतात. योग्य किंमत सुचणे हे निम्मेच काम असते, कारण ती बाटली गावोगावच्या टपरीपर्यंत थंडगार पोहोचवणारी यंत्रणा नवख्या कंपनीजवळ नसते. आणि घटकद्रव्यांविषयीचा एक सरकारी आदेश कित्येक वर्षांची मेहनत थांबवू शकतो.

पेप्सिकोचे स्टिंग भारतात २०१७ मध्ये आले, पण ते सर्वदूर दिसू लागले ते २५० मिलिलिटरची पेट (प्लास्टिकची) बाटली २० रुपयांना मिळू लागल्यानंतर. त्यामागे पेप्सिकोची पेये बाटलीबंद करून विकणाऱ्या वरुण बेव्हरेजेस या कंपनीचे कारखाने, ट्रक, वितरक आणि दुकानादुकानांत ठेवलेले कूलर आधीपासून उभे होते. येथे एक साधा हिशेब करावा. २५० मिलिलिटरचा कॅन सुमारे १२५ रुपयांना पडत असेल, तर दर १०० मिलिलिटरला ५० रुपये मोजावे लागतात. २० रुपयांच्या बाटलीत तेच प्रमाण ८ रुपयांना मिळते. सहापटीहून अधिक तफावत असलेली ही दोन पेये एकाच ‘बाजारा’त धरली जातात, हे लक्षात ठेवले तर पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

हा फरक समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण पाहू. एखाद्या गावात महिन्याला १०० कॅन आणि ९०० बाटल्या खपतात असे समजा. लिटरमध्ये मोजले तर कॅनचा वाटा १० टक्के भरतो. रुपयांत मोजले तर कॅनचे १२,५०० आणि बाटल्यांचे १८,००० रुपये होतात, म्हणजे कॅनचा वाटा ४० टक्क्यांच्या वर जातो. ‘अमुक ब्रँड बाजारात पहिला’ असे वाचनात आले की तो लिटरने पहिला की रुपयांनी, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन्ही विधाने एकाच वेळी, दोन वेगळ्या ब्रँडांबाबत, खरी असू शकतात.

आता शिडीची आणखी एक खालची पायरी तयार होत आहे. रिलायन्सने २०२२ मध्ये कॅम्पा हा जुना ब्रँड विकत घेतला, २०२३ मध्ये तो १० रुपयांच्या छोट्या बाटलीसह पुन्हा बाजारात आणला आणि पुढे त्याच नावाने एनर्जी ड्रिंकही काढले. स्वस्त बाटलीत नफा कितपत उरतो हे समजण्यासाठी कर पाहावा लागतो. सप्टेंबर २०१९ मध्ये गोव्यात झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत कॅफिनयुक्त पेयांवरील कर १८ टक्क्यांवरून २८ टक्के अधिक १२ टक्के उपकर असा वाढवण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन सरळ ४० टक्के जीएसटी लागू झाला. एकूण बोजा तोच राहिल्याने या बदलामुळे किमती उतरण्याचे कारण नव्हते. साखळीतील प्रत्येकाने कर भरला असे धरले, तर २० रुपयांच्या छापील किमतीतून सुमारे ५ रुपये ७० पैसे करापोटी जातात, आणि उरलेल्या १४ रुपये ३० पैशांत साखर, अर्क, बाटली, वाहतूक, जाहिरात, वितरक आणि दुकानदार या सर्वांना सामावून घ्यावे लागते.

आकडे कोठून घ्यावेत आणि कसे वाचावेत

सहज उपलब्ध असलेला चांगला स्रोत म्हणजे वरुण बेव्हरेजेसचे तिमाही निकाल, कारण ही कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. ते वाचताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. या कंपनीचे आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे चालते, त्यामुळे ‘पहिली तिमाही’ म्हणजे एप्रिल-जून समजण्याची चूक करू नये. विक्री ज्या ‘केस’मध्ये मोजली जाते ती केस ५.६७८ लिटरची असते. दुकानातल्या क्रेटशी तिचा संबंध नाही. आणि विक्रीच्या विभागणीत एनर्जी ड्रिंकचा आकडा कार्बोनेटेड, म्हणजे फसफसणाऱ्या, पेयांतच मिळवलेला असतो, म्हणून स्टिंगविषयीची माहिती अधिकाऱ्यांच्या गुंतवणूकदारांशी होणाऱ्या चर्चेच्या इतिवृत्तातून शोधावी लागते. कार्बोनेटेड पेये वाढली म्हणजे स्टिंग त्याच दराने वाढले, असा निष्कर्ष मात्र काढू नये.

हवामानाची नोंद ठेवल्याशिवाय या पेयांची वार्षिक तुलना निरर्थक ठरते. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी आधी. एप्रिल ते जून ही शीतपेयांच्या कमाईची तिमाही. त्या वर्षी वरुण बेव्हरेजेसचा भारतातील खप या तिमाहीत घटला. ही घट पाहून तरुणांचा कल बदलला असे लिहिणे घाईचे होते, आणि पुढच्या वर्षी उन्हाळा नेहमीसारखा तापला तर दिसणारी मोठी वाढही तेवढीच फसवी असेल. म्हणून एका वर्षाऐवजी दोन वर्षांपूर्वीच्या त्याच तिमाहीशी तुलना करावी.

रेड बुल खाजगी मालकीची असल्याने तिचे तिमाही निकाल मिळत नाहीत. भारतातील कंपनीने कंपनी निबंधकांकडे दाखल केलेल्या वार्षिक ताळेबंदावर समाधान मानावे लागते. केंद्र सरकारचे घरगुती उपभोग खर्चाचे सर्वेक्षणही पाहावे, पण सावधपणे. २०२३-२४ च्या सर्वेक्षणात पेये, नाश्ता व प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ यांवरील खर्च दरडोई मासिक खर्चाच्या ग्रामीण भागात ९.८४ टक्के आणि शहरी भागात ११.०९ टक्के आढळला. बाहेरच्या खाण्यापिण्याकडे पैसा वळतो आहे हे त्यावरून दिसते. परंतु त्या रकान्यात टपरीवरचा चहाही येतो आणि हॉटेलातले जेवणही, त्यामुळे एनर्जी ड्रिंकचा पुरावा म्हणून तो वापरता येणार नाही.

दुकानात जाऊन काय पाहावे

या कामाचा सर्वांत उपयुक्त भाग घरी बसून होत नाही. आपल्या गावात वेगवेगळ्या स्वभावाची दुकाने निवडावीत: एसटी स्टँडजवळची टपरी, महाविद्यालयासमोरचे दुकान, महामार्गावरचा ढाबा किंवा पेट्रोल पंप, एमआयडीसीच्या गेटवरचे कँटीन, जिमशेजारचे मेडिकल आणि वस्तीतला किराणा. दुकानदाराला ‘किती खपते’ असे विचारले की उत्तर अंदाजाने मिळते, आणि तो अंदाज विचारणारा कोण आहे यावर ठरतो. त्याऐवजी मागच्या आठवड्यात किती क्रेट उतरले आणि त्याआधीचे केव्हा उतरले होते, हे विचारावे. मग बाटली हातात घेऊन उत्पादनाची तारीख पाहावी. तारीख ताजी असेल तर माल फिरतो आहे. तीन-चार महिन्यांपूर्वीची असेल तर दुकानदाराच्या शब्दांपेक्षा त्या तारखेवर विश्वास ठेवावा.

कूलर कोणत्या कंपनीने दिला आहे, त्यात डोळ्यांच्या उंचीवरचा कप्पा कोणाकडे आहे आणि प्रतिस्पर्ध्याची बाटली बाहेर गरम हवेत उभी आहे का, याची नोंद करावी. फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींशी झालेल्या स्टिंगच्या कराराची चर्चा वर्तमानपत्रांत होते. ढाब्यावरची निवड मात्र बहुधा जे थंड आहे त्यावरून होते. ‘एवढ्या क्रेटवर एक क्रेट मोफत’ अशी स्कीम चालू असेल तर तीही लिहून घ्यावी, कारण कंपनीकडून वितरकाकडे गेलेला माल आणि दुकानातून ग्राहकाच्या हाती गेलेला माल हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि स्कीमच्या महिन्यात पहिला फुगतो, दुसरा फुगतोच असे नाही.

ग्राहक कोण आहे हे वयापेक्षा वेळेवरून लवकर उमगते. पहाटे आणि रात्री उशिरा बाटली घेणारे बहुधा चालक, पाळीचे कामगार आणि घरपोच सेवा देणारे असतात. दुपारी महाविद्यालयीन मुले आणि सायंकाळी मैदानावरची व जिममधली गर्दी. पहिल्या गटाची खरेदी सवयीची असते आणि पावसाळ्यातही टिकते, म्हणून एजन्सी घेणाऱ्याने उन्हाळ्यातील कॉलेजच्या गर्दीपेक्षा महामार्गावरच्या दुकानांचा जुलै-ऑगस्टचा खप बघावा. खप वाढण्याचे दोनच मार्ग आहेत, नवे ग्राहक किंवा जुन्या ग्राहकाच्या जास्त बाटल्या; आणि दुसऱ्या मार्गाला बाटलीवर छापलेली ५०० मिलिलिटरची मर्यादा, म्हणजे दिवसाला दोन बाटल्या, आहे. जो अंदाज या मर्यादेपलीकडे जाऊनच खरा ठरू शकतो, तो बाजूला ठेवावा.

शाळकरी मुलांना होणारी विक्री ‘भावी ग्राहक’ म्हणून मोजण्याचा मोह टाळावा. ते आरोग्याच्या दृष्टीने गैर आहेच, शिवाय व्यवसायासाठीही जोखमीचे आहे. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त साखरेचे, मिठाचे व चरबीचे पदार्थ विकू नयेत असा नियम २०२० मध्ये आला, आणि जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या विधान परिषदेत अधिक कॅफिनच्या पेयांची विक्री शाळांच्या ५०० मीटर परिघात बंद करण्याचे आश्वासन मंत्र्यांनी दिले. छोट्या गावाच्या नकाशावर शाळांभोवती ५०० मीटरची वर्तुळे काढून पाहावीत. बाजारपेठेचा किती भाग त्यांत सापडतो हे पाहून पुष्कळांचा अंदाज बदलेल.

साखरविरहित प्रकारांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. महागड्या कॅनच्या गिऱ्हाइकाला ते हवे असतात. २० रुपयांच्या बाटलीत गोडवा हाच मालाचा मोठा भाग आहे आणि तेथे हा कल पोहोचल्याची खूण दुकानात दिसेपर्यंत त्याला अंदाजात मोठे स्थान देऊ नये.

अहवाल लिहिताना खप लिटरमध्ये, विक्री रुपयांत आणि सरासरी किंमत दर १०० मिलिलिटरला, असे तीन रकाने ठेवावेत आणि प्रत्येक आकड्यापुढे तो घेतल्याचा महिना लिहावा. एजन्सीचा करार करणाऱ्याने सहीपूर्वी आणखी काही गोष्टी लेखी मागाव्यात: मुदत संपलेला माल परत घेण्याची अट, फुटलेल्या किंवा गळक्या बाटल्यांची भरपाई, स्कीमची रक्कम किती दिवसांत वळती होईल आणि कूलरच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणाची. पेट बाटलीची मुदत कॅनपेक्षा कमी असते, त्यामुळे यांतील पहिली अट तोंडी आश्वासनावर सोडू नये.