पगारातून जास्त टॅक्स कापला जात होता, कोड बघितला आणि सुटलं

इकडे यूकेत जॉब बदलला आणि पहिल्याच पगारात दोनशेच्या वर पौंड कमी आले, मला वाटलं पेन्शनचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं, दुसऱ्या महिन्यात पण तेच. मग बायको म्हणाली अहो पेस्लिप तरी नीट बघा. टॅक्स कोड (पगारातून किती टॅक्स कापायचा हे कंपनीला सांगणारा कोड) होता बीआर! म्हणजे पहिल्या पौंडापासून सरसकट २० टक्के, १२,५७० पौंडांची वार्षिक सूट शून्य. नेहमीचा कोड १२५७एल, एल काढून शेवटी एक शून्य लावलं की तुमची सूट, इतकं सोपं आहे ते.

झालं असं की जुन्या कंपनीचा पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगार आणि टॅक्सचा कागद) मी नवीन एचआरला दिलाच नव्हता (आळस, दुसरं काय), त्यामुळे सगळी सूट जुन्या नोकरीलाच चिकटलेली. एचएमआरसीच्या (इथलं टॅक्स खातं) ऑनलाइन पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये लॉगिन करून जुनी नोकरी सोडल्याची तारीख टाकली, पी४५ पण दिला. पुढच्या पगारात कोड १२५७एल आणि आधीचे ४१९ पौंड पगारातच परत, वेगळा क्लेम नाही. फक्त कोडपुढे एम१ नाही ना ते बघा, तो असला तर मागच्या महिन्यांचा हिशोब धरत नाहीत.