जुन्या पिकअपचा क्लच बदलताना या चुका टाळा

टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या मार्केटबाहेर गाड्यांची रांग इंचाइंचाने सरकते आणि ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी धरून बसतो. मग कधीतरी मुंबईहून परतताना कसारा घाटात इंजिन नुसतंच ओरडतं, गाडी वेग घेत नाही. क्लचची प्लेट घसरायला लागलेली असते. गॅरेजला मालक सांगतो, ‘फक्त प्लेट टाका, बाकी चालेल.’ पहिली चूक इथेच होते.

जुन्या बोलेरो पिकअपची प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मजुरी खरी त्याची असते. त्यामुळे क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब काढणारं रिलीज बेअरिंग एकदमच बदला. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग बोटाने फिरवून पाहा, खरखर लागली तर तेही काढा. रिलीज बेअरिंग डिझेलने कधीच धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं.

जुनी प्लेट भंगारात टाकण्याआधी नीट बघा. ती तेलकट असेल तर नवी प्लेटही तशीच खराब होणार. तेलाचा वास घ्या. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचं (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये नेणाऱ्या दांड्याचं) सील गळतंय. तसा वास नसेल तर ते बहुधा इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या) मागचं सील. सील स्वस्त असतं, पण त्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवणं फार महागात पडतं.

फ्लायव्हीलवर (इंजिनच्या मागच्या जड चकतीवर, जिला प्लेट चिकटते) निळे डाग किंवा चरे दिसले तर लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्या. नाशिकच्या सातपूर-अंबडला लेथवाल्यांची कमी नाही. खोल तडा असेल तर फ्लायव्हीलच बदला. क्लचभोवतीच्या हाउसिंगमधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. प्लेटच्या जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

प्लेट उलटी बसवण्याची चूक अजूनही होते. फ्लायव्हीलकडची बाजू कोणती, ते बहुतेक प्लेटवर छापलेलं असतं. नव्या प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल पुसून टाका. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस अगदी पातळ लावा, जास्तीचं उडून अस्तरावर जातं. प्लेट अलाइनमेंट टूलने मधोमध धरा आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

सगळ्यात जास्त नुकसान गिअरबॉक्स चढवताना होतं. शाफ्ट स्प्लाइनमध्ये अर्धवट शिरला की हातातला गिअरबॉक्स क्षणभर सोडला जातो, सगळं वजन प्लेटच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर येतं आणि नवी प्लेट वाकते. मग क्लच पूर्ण सुटतच नाही. जॅकचा आधार शेवटपर्यंत काढू नका. गिअरबॉक्स इंजिनला हाताने टेकला पाहिजे. फट राहिली असताना बोल्ट आवळून ओढू नका.

काम झाल्यावर रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज आला तर लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. आधी पेडलचा फ्री प्ले (क्लच सुटायला लागण्याआधीची मोकळी हालचाल) तपासा. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) क्लच असेल आणि पेडल भराभर चार-पाच वेळा दाबल्यावर गिअर पडत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे, ती काढा. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठे गळत नसेल, तर पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचे रबर गेलेत. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज पेडल दाबल्यावर थांबत असेल, तर तो बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असतो. त्यासाठी नवा क्लच खोलून उपयोग नाही.