ऑटो फोर बाय फोर की पार्ट-टाईम? घेताना आणि चालवताना या चुका टाळा

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. ताम्हिणीतून धो धो पावसात परत आलो, घाटात फोर एच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा मोड, टाकला होता तो तसाच राहिला, आणि सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी वळवून माझ्या जागेवर लावायला गेलो तर पुढून कट कट आवाज, स्टेअरिंग जड, ॲक्सिलरेटर देतोय तरी गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडतेय. वॉचमन काका टॉर्च घेऊन आले, म्हणाले "साहेब, हँडब्रेक राहिलाय बघा." हँडब्रेक नव्हता राहिला, माझी अक्कल राहिली होती घाटात. त्यात लिव्हर टू एचला, म्हणजे परत दोन चाकांवर, येईना. गिअरबॉक्स गेला असं समजून मी टोइंगवाल्याचा नंबर शोधायला लागलो होतो.

झालं काय होतं ते सांगतो, कारण ऑटो (चारही चाकांना ताकद कधी द्यायची ते गाडी ठरवते) की पार्ट-टाईम (ते आपण लिव्हरने टाकायचं) हा सगळा वाद या एका गोष्टीवर येऊन थांबतो. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मोठा वळसा घेतात आणि मागची आतून कापत येतात, म्हणजे पुढच्यांना जास्त अंतर जावं लागतं. पार्ट-टाईममध्ये फोर एच टाकला की पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारे दांडे, म्हणजे शाफ्ट, एकमेकांना सरळ बांधले जातात, मध्ये डिफरन्शियल (दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतं, त्यामुळे दोघांना सारखंच फिरावं लागतं. चिखलात, खडीवर टायर थोडा घसरतो आणि तो फरक निघून जातो. कोरड्या काँक्रीटवर टायर घसरायला तयार नसतो, मग शाफ्टला पीळ बसत जातो, चऱ्हाटाला बसतो तसा, आणि त्या पिळातच लिव्हर अडकतो.

अशा वेळी लिव्हरशी कुस्ती खेळू नका. स्टेअरिंग सरळ करा, दहा-पंधरा फूट हळू रिव्हर्स घ्या, मग टू एचला टाका, खट्कन येतो. नाही आला तर एका बाजूची चाकं मातीवर नेऊन परत तेच करा. मी त्या रात्री यूट्यूब बघून रिव्हर्स घेतला आणि लिव्हर बोटाने आला, वॉचमन काका म्हणाले "बघा, हँडब्रेकच होता." मी हो म्हणालो.

तर पहिली चूक हीच, पाऊस पडला की फोर एच. ओलं डांबर म्हणजे चिखल नाही. घाटातला डांबरी रस्ता ओला असला तरी खडबडीत असतो, टायर चांगले असतील तर पकड बऱ्यापैकी असते, आणि हेअरपिनला पार्ट-टाईमचा पीळ बसतोच. दरडीची माती रस्त्यावर वाहून आलीय, पूर्ण रस्ता लाल झालाय, तिथे टाका, पुढे गेलं की काढा. हे टाका-काढा करायचा ज्याला कंटाळा आहे किंवा जो माझ्यासारखा विसरभोळा आहे त्याच्यासाठी ऑटो.

ऑटोमध्ये काय असतं, तर शाफ्ट कायमचे बांधलेले नसतात, मध्ये प्लेटांचा क्लच असतो. आपल्याकडच्या बहुतेक अशा गाड्या मुळात पुढच्या चाकांवर चालतात आणि घसरण जाणवली किंवा जाणवायच्या बेतात आली की कॉम्प्युटर तो क्लच दाबून मागे ताकद पाठवतो. ग्रँड व्हिटाराची ऑलग्रिप सिलेक्ट, एक्सयूव्ही ७०० ची एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राईव्ह), जुनी डस्टर एडब्ल्यूडी या सगळ्या त्यातल्या. वळणावर क्लच सैल सोडता येतो म्हणून पीळ बसत नाही, रस्ता अर्धा ओला अर्धा कोरडा असला तरी तुम्हाला काही करावं लागत नाही. महिन्यातून दोनदा घाट, वर्षातून एकदा कोकणातल्या गावचा कच्चा रस्ता, एखादी हिमाचलची ट्रिप, एवढंच असेल तर खरं सांगतो, तुम्हाला थार किंवा जिम्नीची गरज नाही, हौस आहे. हौसेला मोल नाही ते सोडा.

दुसरी चूक उलट बाजूची, आणि ही जास्त महागात जाते. "एडब्ल्यूडी आहे, कुठेही जाते." माझ्या एका मित्राने अशाच भरवशावर ऑटोवाली एसयूव्ही मावळातल्या एका पठाराकडे जाणाऱ्या दगडी चढाला घातली. चढ म्हणजे मधोमध पाण्याने कापलेली चर, दोन्ही बाजूंना सुटे दगड. अर्ध्यात जाऊन चाकं फिरायला लागली, त्याने लॉक मोड (मधला क्लच घट्ट धरून ठेवणारं बटण) दाबला, दोन मिनिटं जोर दिला, करपल्याचा वास आला आणि डॅशबोर्डवर मेसेज, सिस्टीम गरम झालीय. मागची ताकद बंद. आता त्या चढावर त्याच्याकडे दोन टनांची फ्रंट व्हील ड्राईव्ह होती. गाडीचा दोष काहीच नाही, तो क्लच घसरत घसरतच काम करतो, सतत घसरवला की तापणारच, आणि तापला की स्वतःला वाचवायला सुटतो. असं झालं तर इंजिन चालू ठेवून गाडी उभी करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मेसेज गेल्यावर उलटं खाली या. परत वर जोर मारू नका, मित्राने मारला.

तिथे खरी कमतरता फोर बाय फोरची नव्हतीच, लो रेंजची होती. शोरूममध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही. फोर एल, म्हणजेच लो रेंज, टाकला की गाडी दोन-अडीच पट हळू चालते आणि चाकावर जोर त्याच पटीत वाढतो, म्हणजे पहिल्या गिअरला ॲक्सिलरेटर न देताही गाडी दगडावरून मुंगीसारखी चढते. त्याहून कामाचं म्हणजे उतार. फोर एल, पहिला गिअर, ब्रेकवरचा पाय काढा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. थार, जिम्नी, गुरखा, फॉर्च्युनर फोर बाय फोर, स्कॉर्पिओ एन फोर बाय फोर यांना लो रेंज आहे, वरच्या ऑटोवाल्यांना नाही. दोन्ही एकात हवं असेल तर पर्याय कमीच. एंडेव्हरच्या ३.२ फोर बाय फोरला आपोआप ताकद वाटणारी सिस्टीमही होती आणि लो रेंजही, पण फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, आता सेकंडहँडच. लँड क्रूझर ३०० आणि डिफेंडरला मध्ये डिफरन्शियल असतं म्हणून त्या कायमच चारही चाकांवर चालतात, पण त्या किमतीत माझा फ्लॅट येईल.

आणि हो, नाव बघून गाडी घेऊ नका. थार म्हणजे फोर बाय फोर असं अजून निम्म्या लोकांना वाटतं, पण जानेवारी २०२३ पासून ती फक्त मागच्या चाकांवर चालणारीसुद्धा मिळते, आणि थारची पाच दरवाज्यांची रॉक्स आली २०२४ ला तेव्हा तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेलला होता. जिम्नीत ही भानगड नाही, सगळ्याच फोर बाय फोर. सेकंडहँड बघताना आत ट्रान्सफर केसचा (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा) लिव्हर किंवा नॉब आहे का ते आधी बघा, मागचा स्टिकर वीस रुपयांत मिळतो.

फोर बाय फोर आहे तरी फसली, असं का? कारण फोर एच पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला बांधतो, डाव्या-उजव्या चाकाला नाही. खड्ड्यात पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत गेलं की ताकद नेमकी त्या रिकाम्या चाकांना जाते आणि जमिनीवरची दोन मख्ख उभी. त्यासाठी डाव्या-उजव्या चाकाला एकत्र बांधणारा डिफ लॉक लागतो, गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे आहे, फॉर्च्युनरला मागे. जिम्नीला लॉक नाही, ती घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे ढकलते, आणि इथे लोक चुकतात, चाक फिरलं की घाबरून पाय काढतात. पाय हलकाच पण सतत ठेवा, सिस्टीमला एक-दोन सेकंद द्या, कर्र कर्र आवाज येईल तो ब्रेकचा, येऊ द्या.

काळ्या मातीबद्दल वेगळं सांगतो कारण मराठवाडा-विदर्भाकडच्या लोकांना हे माहितीय आणि पुण्या-मुंबईच्यांना अजिबात नाही. पावसानंतरच्या पाणंदीत ती माती टायरच्या खाचांमध्ये भरते आणि चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत लाडू होतो. मग ऑटो असो, पार्ट-टाईम असो, लॉक असो, चारही लाडू जागेवर फिरतात. तिथे टायर आणि हवा, बाकी काही नाही. नाहीतर ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरवाल्या दादांशी आधी भाव ठरवा, फसल्यावर ठरवला तर तो वेगळा असतो.

समुद्राच्या वाळूवर जायचंच नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, आपल्याकडेही पोलीस केस करतात, आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

टायरची एक चूक ऑटोवाल्यांसाठी खास. एक टायर फाटला म्हणून एकच नवीन घातला, बाकी तीन झिजलेले. नवीन टायरचा घेर मोठा, म्हणून ते चाक कमी फिरतं, आणि कॉम्प्युटरला वाटतं बाकीची घसरतायत, मग तो क्लच उगाच काम करत राहतो, हायवेवरसुद्धा. निदान जोडीने बदला, फरक जास्त असेल तर चारही. पार्ट-टाईमला टू एचमध्ये एवढा त्रास नाही, पण फोर एचमध्ये तोच पीळ सरळ रस्त्यावरही बसतो.

पार्ट-टाईमवाल्यांची खास चूक म्हणजे वर्षभर न वापरणं. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर एच चालवा, म्हणजे आतलं तेल फिरतं, सगळं मोकळं राहतं. फोर एल मात्र गाडी पूर्ण थांबवून, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसाच टाका, चालत्या गाडीत टाकला तर जो आवाज येतो तो तुम्हाला बिल आल्यावर परत ऐकू येतो.

मनालीकडे बर्फात जाणाऱ्यांना एकच. चारही चाकांना ताकद मिळते म्हणून गाडी निघते छान, थांबताना मात्र प्रत्येक गाडीला ब्रेक चारच चाकांना असतात, मारुती ८०० ला पण. काळ्या बर्फावर, म्हणजे रस्त्यावर जमलेल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या पातळ बर्फावर, फोर बाय फोरवाले जास्त आपटतात ते या फाजील कॉन्फिडन्सने.

घेण्याआधी घरात गाडी कोण कोण चालवणार तेही बघा. माझी बायको आठवड्याला चार दिवस गाडी नेते, तिने सरळ सांगितलं, "तो दुसरा दांडा मी हलवणार नाही." ती टू एचमध्ये चालवते आणि मस्त चालवते, पण पावसात गावाकडच्या उताराला तिलाही मदत हवी असते, आणि ती मदत पार्ट-टाईम गाडी न सांगता देत नाही. आम्ही जर आज गाडी घेत असतो आणि माझे वर्षातले चार-पाच ट्रेल नसते तर ऑटोच घेतली असती. शोरूममध्ये जाल तेव्हा तीनच गोष्टी विचारा: कोरड्या रस्त्यावर फोर एचमध्ये वळवली तर चालते का, लो रेंज आहे का, आणि लॉक मोड किती स्पीडला आपोआप सुटतो. सेल्समन म्हणाला "सर, सगळं ऑटोमॅटिक आहे," तर त्याच्याकडून गाडीचं मॅन्युअल मागून घ्या आणि तिथेच सोफ्यावर बसून फोर व्हील ड्राईव्हची पानं वाचा, चहा ते देतातच.