शेतात लांडोर अंड्यांवर बसली असेल तर काय करावं?

पाऊस सुरू झाला की नाचणारा मोर सगळ्यांना दिसतो. त्याच दिवसांत बांधाच्या गवतात लांडोर अंडी घालत असते, ते मात्र विळा तिच्यापर्यंत पोचेस्तोवर कळत नाही. महाराष्ट्रात साधारण जून ते सप्टेंबर हा तिचा विणीचा हंगाम, आणि आपली खुरपणी, कोळपणी, गवतकापणी याच दिवसांत भरात असते. अंडी उबवण्याचं काम एकट्या लांडोरीचं, मोर तिकडे फिरकत नाही. ती कायमची उठून गेली तर अंडी गेलीच म्हणायची.

आधी जागा हेरा. घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, त्यात थोडा पालापाचोळा. तो बहुतेक वेळा टणटणीच्या किंवा घायपाताच्या आडोशाला, नाहीतर बांधावरच्या दाट गवतात असतो. अंडी कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठी, फिकट बदामी आणि चकचकीत असतात. एका घरट्यात बहुधा 4 ते 6, कधी 8 सुद्धा. बसलेली लांडोर गवताच्या रंगात अशी मिसळते की दोन हातांवरून माणूस निघून जातो. कापणीआधी संध्याकाळी बांधाच्या कडेनं सावकाश एक चक्कर मारा आणि कामावरच्या बायकांनाही विचारा. खुरपताना त्यांची नजर जमिनीवरच असते, त्यांना आधी कळलेलं असतं.

अंडी दिसली पण लांडोर दिसली नाही, तर ती टाकून दिलीत असं समजू नका. सगळ्यात जास्त घरटी या गैरसमजानंच मोडतात. ती रोज अंडं घालत नाही, त्यामुळे सगळी अंडी व्हायला आठवडा-दीड आठवडा जातो, आणि ती नेटानं बसते ते शेवटचं अंडं घातल्यावर. म्हणून तर पिल्लं जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात. अंडी उचलून घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवण्याची पद्धत गावोगाव आहे, हेतूही बऱ्याचदा चांगला असतो, पण ते करू नका. मोर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि अंडी फोडणं, हलवणं, घरट्याला त्रास देणं हे त्या कायद्यात शिकारीतच मोडतं. शिवाय कोंबडीमागं वाढलेलं पिल्लू रानात जगायला शिकत नाही.

आता हिशेब करा. बसल्यापासून पिल्लं निघेपर्यंत सुमारे 28 दिवस लागतात. लांडोर बसलेली पहिल्यांदा दिसली तो दिवस कॅलेंडरवर लिहा आणि तिथून चार आठवडे त्या तुकड्यातलं काम पुढं ढकला. बाकीचं शेत खुशाल उरका.

खूण करायची तर घरट्यावर नको. दहा-बारा पावलांवर बांधाला एक साधी काठी रोवा. लाल फडकं बांधलं की पोरं आणि कुत्री दोघंही तिकडे वळतात. रोज डोकावायला जाऊ नका, गवतात पायवाट पडली की मुंगसालाही वाट सापडते. शेतावरचं कुत्रं महिनाभर बांधून ठेवा.

कापणी करताना घरट्याभोवती नुसता एक झुपका उभा ठेवू नका. मोकळ्या रानात तो झुपका लांबून उठून दिसतो आणि कावळ्यांना आयता सापडतो. बांधाला लागून सलग पट्टा सोडा, म्हणजे लांडोरीला आडोशानं ये-जा करता येते. यंत्र चालवत असाल तर मधून सुरू करून कडेकडे जा. कडेनं आत येत गेलात की पाखरं मधल्या गवतात कोंडतात आणि शेवटच्या फेरीत पात्याखाली सापडतात. अंडी उघडी पडलीच, तर तिथंच ठेवा, वर कापलेलं गवत विरळ पसरा आणि लगेच लांब व्हा.

पिल्लं निघाली की थोड्याच वेळात आईमागं चालू लागतात. नंतर कवचं बघा. रुंद टोकाकडून झाकणासारखी उघडलेली असतील तर पिल्लू सुखरूप निघालंय. चुरडलेली, विखुरलेली असतील तर मुंगसानं किंवा कुत्र्यानं डाव साधला. पुढचे पंधरा दिवस सर्वांत नाजूक असतात. पिल्लांना नीट उडता येत नाही, आणि रात्री ती जमिनीवर आईच्या पंखाखाली झोपतात. किडे हा त्यांचा मोठा आधार, तेव्हा त्या भागात फवारणी टाळता आली तर टाळाच. एकटं पिल्लू दिसलं तर उचलू नका, मागं सरा, आई जवळच असते. जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.

मोर भुईमूग उकरतात, कोवळे कोंब खातात, हे खरं आहे, आणि ज्याचं नुकसान होतं त्याचा राग मला समजतो. त्यासाठी उगवण होईपर्यंत सकाळ-संध्याकाळ राखण करा. औषध लावलेलं बियाणं मात्र उघड्यावर सांडू देऊ नका. पेरणी झाली की बांधावर आणि गाडीवाटेवर पडलेले दाणे झाडून मातीत गाडा, कारण ते खाऊन मोर दगावतात. आणि बांध पेटवायची सवय असेल तर यंदा निदान एका बाजूचा बांध तसाच ठेवा. घरट्याला दाट गवत लागतं, आणि पावसाच्या सुरुवातीला ते जुन्या गवतातच मिळतं.