लांबच्या प्रवासासाठी जीपीएस घेताना

आधी नकाशे बघा, स्क्रीन नंतर. ज्या भागात जायचंय तिथले नकाशे उपकरणातच साठवलेले हवेत, म्हणजे मोबाईलची रेंज गेली तरी रस्ता दिसत राहतो. 'लाइफटाइम अपडेट' लिहिलेलं असलं तरी हुरळून जाऊ नका. ते कंपनी त्या मॉडेलला सांभाळते तोवरच. मायक्रोएसडी कार्डाची खाच आहे ना, तेही तपासा. नकाशे दरवर्षी फुगतात आणि आतली मेमरी अपुरी पडली की अपडेट अर्ध्यात अडकतं.

स्क्रीन ६ ते ७ इंची पुरते. त्याहून मोठी काचेवर बसवली तर रस्ताच झाकते. दुकानात दिव्याखाली सगळ्याच स्क्रीन झकास दिसतात, म्हणून जमल्यास उन्हात धरून बघा.

बॅटरी साधारण तासाभराची असते, त्यामुळे चार्जर कायम जोडलेला लागतो. सोबत आलेली केबलच वापरा. काही उपकरणांना साधी यूएसबी केबल लावली की ती संगणकाला जोडल्यासारखी वागतात आणि नकाशा गायब! ट्रॅफिकची माहिती हवी असेल तर आणखी एक मेख आहे: काही मॉडेलांत तिचा अँटेना केबलमध्येच असतो.

पुढच्या काचेवर धातूचा उष्णतारोधक थर असेल तर सिग्नल अडतो. अशा काचेत आरशामागे बहुधा थर नसलेला ठिपकेदार पट्टा सोडलेला असतो. उपकरण त्याच्या जवळ लावा. पहिल्यांदा चालू केल्यावर गाडी उघड्यावर काही मिनिटं उभी ठेवा, उपग्रह पटकन सापडतात.