रोकोटो मिरची लावताय? मग या चुका टाळा

रोकोटोचं बी मिळवायला लोक एवढी धडपड करतात आणि मग रोप साध्या मिरचीसारखं दिवसभर कडक उन्हात ठेवून मोकळे होतात, इथेच सगळं बिघडतं. ही मिरची पेरू-बोलिव्हियाकडच्या अँडीज डोंगरातली, थंड हवेत वाढलेली. पारा 30 च्या वर गेला की आलेली छान जांभळी फुलं देठाशी पिवळी पडतात आणि टपाटप गळतात, मग आपल्याला वाटतं खत कमी पडलं! प्लीज खत ओतू नका, नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो आणि त्यावर मावा कीड बसते. सकाळचं कोवळं ऊन द्या, दुपारी शेडनेटखाली सरकवा, कुंडी मोठी घ्या, पाण्याचा निचरा नीट ठेवा. गारवा आवडतो पण बर्फाळ थंडी नाही हां, तिथे रोप आत घ्यायचं.

बी काळं असतं. खराब निघालं म्हणून फेकू नका, ते तसंच असतं! रुजायला कधीकधी 3-4 आठवडे लागतात, तोवर माती उकरून बघायचा मोह आवरा.

फुलं टिकतायत पण फळ धरत नाही असं असेल तर बहुतेक रोप एकटं आहे. काही रोपांना स्वतःचे पराग चालत नाहीत, म्हणून रोकोटोचीच दोन रोपं ठेवा आणि मऊ ब्रश या फुलावरून त्या फुलावर फिरवा, शेजारच्या साध्या मिरचीचे पराग इथे कामाचे नाहीत.

आता किचन. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ही मिरची अख्खी उन्हात वाळत घालणं, गर ढोबळीसारखा जाड असतो, आतून बुरशी धरते आणि एवढी मेहनत वाया जाते, फार वाईट वाटतं. ताजीच वापरा किंवा चिरून फ्रीझ करा. आणि ढोबळीसारखी दिसते म्हणून तशीच भरायला जाऊ नका, ही चांगलीच जहाल असते. पेरूतल्या अरेकिपा शहरात रोकोटो रेयेनो म्हणजे भरली रोकोटो करतात, तिथे आधी बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा पूर्ण खरवडून काढतात (खरा जाळ त्या शिरांमध्येच असतो), मग मीठ-व्हिनेगर घातलेल्या पाण्यात उकळतात, पाणी दोन-तीनदा बदलतात, आणि मग खिमा-चीज भरून ओव्हनमध्ये. चिरताना ग्लोव्हज हवेतच. तरी हात भगभगला तर नुसतं पाणी लावून काही होत नाही, आधी तेल चोळा आणि मग साबणाने धुवा.