जुन्या बुलेटला क्रँक सेन्सर बसवताय? या चुका टाळा

कास्ट आयर्न बुलेट, ३४६ सीसी, सत्तर मिमीचा बोअर (सिलिंडरचा व्यास), नव्वदचा स्ट्रोक (पिस्टनची चाल). तिचे पॉइंट (उघडझाप करून स्पार्क पाडणारे जुने संपर्क) काढून क्रँक सेन्सर (क्रँकवरच्या दातांच्या चाकावरून त्याची जागा सांगणारा) लावायचा, स्पीडुइनोसारखा छोटा ईसीयू (इंजिन चालवणारा कंप्युटर) जोडायचा आणि टायमिंग, म्हणजे स्पार्क कधी पडायचा ते, लॅपटॉपवरून ठरवायचं, हा नाद आता यवतमाळ-वाशीमकडच्या गॅरेजांतही दिसतो. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या दुचाक्यांत फ्युएल इंजेक्शन बसलं. त्यामुळे अपघातात गेलेल्या नव्या गाड्यांचे सेन्सर भंगारात सहज मिळतात, आणि पॉइंट घासून घासून कंटाळलेल्या माणसाला मोह होतो.

मोह चुकीचा नाही. पण गाडी चालू झाली नाही की आपल्याकडे पहिला निकाल ठरलेला: "सेन्सरच उडाला वाट्टे, भाऊ." मग दुसरा सेन्सर, मग तिसरा, मग ईसीयूवर संशय, मग रात्रभर सेटिंगची ओढाताण. खरा घोळ बहुतेक वेळा लोखंडात असतो, म्हणजे चाकात, ब्रॅकेटमध्ये, अंतरात आणि टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतानाच्या जागेच्या) खुणेत. लॅपटॉप उघडायच्या आधी हे सगळं पक्कं झालं पाहिजे. म्हणून या लेखात सॉफ्टवेअर कमी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पात्या) जास्त आहे.

पॉइंटच्याच जागी सेन्सर

सगळ्यात सोपी वाटणारी जागा म्हणजे उजवीकडची पॉइंटची डबी. कव्हर उघडलं, प्लेट बदलली, झालं काम. पण तो शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि टायमिंगच्या गिअरांमधून फिरतो. जुन्या इंजिनात त्या गिअरांत खेळ असतोच. शाफ्टवर एक अंशाची चूक झाली की क्रँकवर ती दोन अंशांची होते. पॉइंटवर चालताना हे खपून जात होतं, कारण पॉइंटकडून कुणी अंशाच्या हिशेबाची अपेक्षा केली नव्हती. तुम्ही ईसीयू लावता तो नेमकेपणासाठी, आणि त्याला खबर देणारा माणूसच डुलत असेल तर खर्च वाया गेला. सेन्सरची खरी जागा डावीकडे, प्रायमरी केसच्या (क्रँकपासून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या डबीच्या) आत, अल्टरनेटरच्या रोटरच्या (फिरणाऱ्या भागाच्या) बाहेरच्या अंगाला.

तिथे जागा तुटपुंजी आहे. आधी मोजा. रोटरच्या नटावर कणकेचा गोळा ठेवा, कव्हर बसवून नट आवळा, उघडा, आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजा. चाक, बोल्टची डोकी आणि थोडी मोकळीक एवढं त्यात मावलं पाहिजे. मावत नसेल तर कव्हरला स्पेसर करून घ्यावा लागेल. ते काम चाक कापायच्या आधीचं आहे.

सेन्सर कव्हरवर लावणं

ही चूक मी सर्वात वर ठेवेन. कव्हरला भोक पाडून सेन्सर बाहेरून घुसवला की दिसायला झकास दिसतं. पण बुलेटचं प्रायमरी कव्हर एका मोठ्या नटावर आणि भोवतीच्या रबरी सीलवर बसतं. नट थोडा कमी-जास्त आवळला, सील थोडं फुगलं, की कव्हर आत-बाहेर होतं. सेन्सर आणि दाताच्या टोकामध्ये अंतर हवं साधारण ०.८ मिमी. कव्हरच अर्धा मिमी हललं तर काय उरलं? आज गाडी चालते, चेन आवळायला कव्हर उघडलं की उद्या चालत नाही, आणि मिस्त्री म्हणतो सेन्सर नाजूक आहे.

सेन्सर आतल्या बाजूला, स्टेटर (अल्टरनेटरचा न फिरणारा भाग) ज्या स्टडवर बसतो त्यांच्यावर घट्ट ब्रॅकेट करून लावा. ब्रॅकेट किमान ४-५ मिमी पट्टीचं असावं. पातळ पत्रा सिंगल सिलिंडरच्या थरथरीत सतार होतो, आणि एका विशिष्ट आरपीएमलाच मिसिंग येतं. मिसिंग नेमकं एकाच वेगाला येत असेल आणि त्याच्या वर-खाली गाडी गोड चालत असेल, तर आधी ब्रॅकेटकडे बघा.

चाक कशाचं, दात किती

लेथवाल्याला नुसतं "चकती करून दे" सांगितलं तर तो हाताशी असेल तो तुकडा लावतो. ॲल्युमिनियम हलकं म्हणून, स्टेनलेस गंजत नाही म्हणून. ॲल्युमिनियमच्या दाताला सेन्सर ओळखच देत नाही, आणि भांड्याच्या जातीच्या स्टेनलेसलाही नाही. साधं माइल्ड स्टील हवं. चाकाजवळ चुंबक नेऊन बघा. कडकन चिकटला पाहिजे. बुटीबोरी, हिंगणा किंवा अकोल्याच्या एमआयडीसीत लेझर कटिंग करून घेतलं तर दात सारखे येतात. हाताने हॅक्सॉ आणि कानसने केलेल्या दातांवर माझा विश्वास नाही.

दातांचा आकडा कॉपी करू नका. गाड्यांमध्ये ३६-१ आणि ६०-२ ही चाकं चालतात, म्हणजे ३६ जागांपैकी एक दात गायब किंवा ६० पैकी दोन गायब. पण ती चाकं मोठी असतात. बुलेटच्या केसमध्ये ९० मिमीचं चाक बसलं असं धरा. परीघ सुमारे २८३ मिमी. ३६ ने भागलं तर दात आणि खाच मिळून आठ मिमीसुद्धा होत नाही, म्हणजे खाच जेमतेम चार मिमीची. हॉल जातीच्या (चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणाऱ्या) कितीतरी सेन्सरना याहून रुंद खाच लागते, नाहीतर दोन दात त्यांना एकच वाटतात. या इंजिनाला मी १२-१ सुचवतो. दर ३० अंशांना एक दात, खाच ऐसपैस, किक मारतानाही सिग्नल स्वच्छ. एक तोटा आहे: दोन दातांमधल्या वेळेचा ईसीयूला अंदाज करावा लागतो, आणि सिंगल सिलिंडरचा वेग एका फेऱ्यातही कमी-जास्त होतो. रस्त्यावर चालवायच्या गाडीला तेवढं चालतं.

गायब दात कॉम्प्रेशनच्या तोंडावर

गायब दात ईसीयूला कसा कळतो? दोन दातांमधला वेळ अचानक वाढतो, त्यावरून. आता किक मारताना काय होतं बघा. पिस्टन कॉम्प्रेशनला चढतो तसा क्रँक मंदावतो, जवळजवळ थांबतो. तिथे दातांमधला वेळ तसाही वाढलेला असतो. ईसीयूला वाटतं गायब दात आला, आणि त्याची मोजणी हुकते. गाडी कधी पहिल्या किकला उठते, कधी वीस किकलाही नाही. टीडीसीच्या आधीचे साधारण ६० अंश आणि टीडीसीनंतर लगेचचा भाग, या पट्ट्यात ती रिकामी जागा सेन्सरसमोर येऊ देऊ नका. चाकाला बोल्टची भोकं पाडायच्या आधी हे कागदावर मांडा.

चाक रोटरला दोन ग्रब स्क्रूवर धरून ठेवणं हाही जुगाडच. डॉवेल पिन किंवा चावी हवीच. चाक पाच अंश सरकलं तर ईसीयूला ते कळत नाही. तो इमानदारीत पाच अंश चुकीचा स्पार्क देत राहतो आणि इंजिन तापतं.

टीडीसी अंदाजाने धरणं

प्लगच्या भोकातून सायकलची तार सोडून टीडीसी धरायची पद्धत पॉइंटसाठी ठीक होती. इथे नाही. नव्वदच्या स्ट्रोकला टीडीसीच्या पाच अंश अलीकडे पिस्टन जेमतेम ०.२ मिमी खाली असतो. तारेवर तो फरक डोळ्याला दिसत नाही. जुन्या प्लगची चिनी माती फोडून त्यात बोल्ट बसवा, म्हणजे पिस्टन स्टॉप तयार. डिग्रीची चकती लावून एका बाजूने पिस्टन टेकेपर्यंत फिरवा, वाचा. उलट बाजूने टेकेपर्यंत फिरवा, वाचा. दोन्हीच्या मधोमध टीडीसी. हळूच, हाताने. किक मारून स्टॉपवर आदळलात तर पिस्टनला खड्डा पडेल.

आणि दिशा! डावीकडून पाहिलं तर बुलेटचा क्रँक घड्याळाच्या उलट फिरतो. डिग्रीची चकती घड्याळाच्या दिशेने वाचून आकडा सेटिंगमध्ये टाकला की ट्रिगर अँगल (पहिला दात सेन्सरसमोर येतो तेव्हा क्रँक टीडीसीपासून किती अंशांवर असतो तो आकडा) आरशातला होतो. त्या आकड्यावर पहिली किक मारणाऱ्याच्या पिंढरीची काळजी वाटते, कारण बुलेटची उलटी किक मस्करी नाही. म्हणून पहिली चाचणी प्लग बाहेर काढून, हेडला अर्थ करून. टायमिंग लाइटला वीज वेगळ्या बॅटरीतून द्या, ट्रॅक्टरची चालेल. ईसीयूत टायमिंग थोडा वेळ एका आकड्यावर, समजा १० अंशांवर बांधून टाका आणि किक मारून खूण बघा. खूण जुळली तरच प्लग आत. किकच्या वेळचा ॲडव्हान्स (टीडीसीच्या किती अंश आधी स्पार्क पडतो ते) पाच अंशांच्या वर नको.

जुन्या चालकांसाठी एक सांगतो. अँमीटरचा काटा मधे आणून, डिकॉम्प (कॉम्प्रेशन सोडणारी दांडी) दाबून, पिस्टन थोडा पुढे नेऊन किक मारायची सवय हाडात भिनलेली असते. काटा हलायचा तो पॉइंट उघडझाप झाल्यामुळे. आता पॉइंटच नाहीत आणि इंजिन थांबलेलं असताना कॉइल बंद असते, म्हणून काटा काही सांगणार नाही. डिकॉम्प दाबून पायालाच अंदाज घ्यावा लागेल. चावी चालू ठेवून, इंजिन बंद असताना कॉइल तापत असेल तर मात्र स्पार्क आउटपुटचं सेटिंग उलटं पडलंय. लगेच चावी बंद करा, नाहीतर कॉइल जाईल.

कुठला सेन्सर

दोन तारांचा असेल तर बहुधा व्हीआर (चुंबक आणि तारेच्या गुंडाळीचा), तीन तारांचा बहुधा हॉल. व्हीआर स्वतः वीज तयार करतो, पण वेगानुसार; किकच्या वेगाला ती अगदी कमी असते. त्याला मॅक्स ९९२६ सारखा कंडिशनर (सिग्नल स्वच्छ करणारी चिप) लागतो आणि दोन तारांची अदलाबदल चालत नाही. उलट्या तारांवर गाडी चालू होते, पण टायमिंग वेगाबरोबर सरकत जातं, आणि हे शोधायला फार त्रास होतो. किकवरच्या गाडीला मी हॉल निवडेन. त्याला सप्लाय, अर्थ आणि सिग्नल लागतो, आणि बऱ्याच सेन्सरना सिग्नलवर पुल-अप रेझिस्टर (सिग्नलची तार सप्लायशी जोडणारा) द्यावा लागतो, एक ते पाच किलोओहमच्या आसपास. तो विसरला की सेन्सर धडधाकट असून आरपीएम शून्य.

एमआयडीसीच्या भंगारातला मशीनचा प्रॉक्सिमिटी स्विच लावू नका. दिसायला तसाच, आटे पाडलेला, एलईडीवाला, स्वस्त. पण त्यातले पुष्कळ सेकंदाला ५०० ते १००० पल्सच्या पुढे जात नाहीत आणि ७० अंश तापमानापर्यंतचेच असतात. ३६ च्या चाकावर ३००० आरपीएमला सेकंदाला सुमारे १८०० दात जातात. गाडी आयडलला झकास, आणि गाव सोडून रोडला लागली की ठप्प.

रोटर स्वतः चुंबक आहे, हे विसरू नका. सेन्सरचं तोंड त्याच्या कडेपासून जितकं दूर ठेवता येईल तितकं ठेवा. शिवाय सेन्सरमध्येही चुंबक असतो, आणि प्रायमरी चेन झिजून तेलात लोखंडाचा बारीक भुगा येतो. तो सगळा सेन्सरच्या तोंडावर मिशीसारखा जमतो. प्रायमरीचं तेल बदलाल तेव्हा टोक पुसायचंच.

वायरिंग

शिल्डची वायर घ्या, शिल्डला अर्थ फक्त ईसीयूच्या टोकाला द्या. प्लगच्या वायरपासून आणि अल्टरनेटरच्या तारांपासून लांब न्या. प्लग रेझिस्टरचा हवा, एनजीकेत नावात ‘आर’ असतो तो, किंवा पाच किलोओहमची कॅप. स्पार्क चालू होताच लॅपटॉपचा यूएसबी तुटत असेल तर दोष इथेच आहे. इंजिनापासून बॅटरीपर्यंत अर्थची वेगळी जाड वायर टाका. रंग आणि गंज चढलेल्या फ्रेमवर भरवसा नको. केसमधून बाहेर येणाऱ्या वायरच्या तारांमधून तेल वर चढतं आणि कनेक्टरमध्ये उतरतं, म्हणून जोड केसच्या बाहेर, उंचावर आणि पक्का सील केलेला हवा. गाडी कापसाच्या गंजीजवळ किंवा धान्याच्या खोलीत उभी राहत असेल तर उंदरांसाठी वायरला पत्र्याची किंवा जाड पाइपची स्लीव्ह घाला.

ऑसिलोस्कोप नाही, मग तपासायचं कसं

हॉल सेन्सर असेल तर सिग्नलच्या तारेवर रेझिस्टरसह एक एलईडी लावा. गाडी सेंटर स्टँडवर, प्लग बाहेर, टॉप गिअर, आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. १२-१ च्या चाकाला क्रँकच्या एका फेऱ्यात अकरा वेळा लुकलुक आणि एक लांब विश्रांती. दहाच झाले किंवा एखादा मंद असेल तर तिथे चाक डगमगतंय किंवा दात आखूड आहे. डायल गेज लावा. क्रँकचं टोक आणि चाक मिळून ०.२ मिमीच्या वर डगमगत असेल तर आधी बेअरिंग बघा. ज्याचा मेन बेअरिंग गेलाय त्या इंजिनाला सेन्सर लावणं व्यर्थ आहे.

व्हीआरला मल्टिमीटर एसीवर ठेवून किक मारा. काहीतरी व्होल्टेज दिसलंच पाहिजे. तार तुटलीय का हे ओहमवर कळतं.

थंड असताना चालते आणि गरम झाली की बंद पडते, ही तक्रार आपल्याकडे मे महिन्यात हमखास. बाहेर ४५ अंश, इंजिनाला पंखा नाही, आणि ढाब्यावर थांबलात की वारा बंद होऊन केस आणखी तापते. ८५ अंशांचा सेन्सर तिथे टिकत नाही. १२५ किंवा १५० अंशांचा लागतो. तपासणी चुलीवर होते: सेन्सर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, तोंड पक्कं बांधा, एलईडी जोडलेला ठेवा आणि उकळत्या पाण्यात सोडा. दहा मिनिटांनी पिशवीवरूनच टोकासमोर लोखंडी पाना हलवा. एलईडी लुकलुकला तर सेन्सर शाबूत, मग कनेक्टर आणि केसमधल्या वायरचा मागोवा घ्या. गप्प बसला तर तो बदला, आणि नवा घेताना दुकानदाराला किमतीच्या आधी तापमान विचारा.